एमआरआयमध्ये ट्यूमर जाळताना आतलं तापमान खरंच दिसतं का, की नुसता अंदाज?

हो, खरंच मोजतात, पण थर्मामीटरसारखा आकडा थेट मिळत नाही, तापमान किती वाढलं तेवढंच कळतं आणि ते सुरुवातीच्या ३७ अंशात मिळवायचं. माझं कामच एमआरआय फिजिक्सचं आहे म्हणून सांगतो, पाणी तापलं की त्यातले हायड्रोजन बाँड सैल होतात आणि प्रोटॉनची (हायड्रोजनच्या केंद्रकांची) सिग्नल फ्रिक्वेन्सी किंचित घसरते, दर अंशाला साधारण ०.०१ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग), म्हणजे १.५ टेस्ला चुंबकाच्या मशीनवर जेमतेम ०.६४ हर्ट्झ! एवढासा फरक फेजमध्ये, म्हणजे सिग्नलची लाट किती पुढे-मागे सरकली त्यात, मात्र पकडता येतो, म्हणून तापवायच्या आधी एक इमेज घेऊन ठेवतात आणि नंतर दर काही सेकंदांनी येणाऱ्या इमेजमधून ती वजा करत राहतात, मग स्क्रीनवर रंगीत ठिपका वाढताना दिसतो. मेंदूतला ट्यूमर लेझरने जाळायच्या केसमध्ये तर नाजूक भागावर आधीच लिमिटचे पॉइंट लावून ठेवतात, तिथे लिमिट ओलांडलं की लेझर आपोआप बंद. गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी (साध्या गाठींसाठी) अशाच एमआरआयखाली अल्ट्रासाऊंडने जाळण्याच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने (औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २००४ मध्येच मान्यता दिली होती, त्यामुळे हे काही प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. फक्त चरबीत ही ट्रिक चालत नाही, तिथे तसे हायड्रोजन बाँडच नसतात, म्हणून चरबीवाल्या भागातल्या आकड्यावर विसंबू नका. आणि हो, पेशंट जरा हलला की आधीची इमेज जुळत नाही, लिव्हरमध्ये श्वासामुळे हीच डोकेदुखी असते.