कबड्डीत डोक्याला मार लागू नये म्हणून मुलाला हेल्मेट द्यावं का?

तुमचा मुलगा चौदा वर्षांचा, खानापुरात कबड्डी खेळतो, असं लिहिलंय. हेल्मेट नको. त्याने कवटी वाचते, पण आत हिसका बसणारा मेंदू थांबत नाही. शिवाय कडक टोपी समोरच्याला लागते. खरा फरक पकडीत आहे. घोट्याला झेपावताना डोकं खाली घातलं की चढाईवाल्याचा गुडघा सरळ कानशिलावर बसतो. नजर वर ठेवून खांदा आधी जायला हवा, आणि हे सरावात हळू वेगात शंभरदा घोटून घ्यायला हवं.

मैदानही बघा. आपल्याकडे जत्रेच्या सामन्यांत लाल माती वरवर ओली करतात, खाली खडे तसेच. कुस्तीच्या हौद्यासारखी ती खणून भुसभुशीत करा.

आणि कळकळीने सांगतो, मार लागल्यावर तोंडावर पाणी मारून पोराला परत आत पाठवू नका. गरगरतंय, स्कोअर आठवत नाही, तर त्या दिवशी खेळ बंद. मेंदू सावरण्याआधी दुसरा फटका बसला तर जिवावर बेतू शकतं. उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी (फिट) किंवा जास्त झोप दिसली तर थेट दवाखाना गाठा. एरवीही डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मैदानावर पाठवू नका.