जुन्या डेस्कटॉपचा पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. काय करावं?

बटण दाबल्यावर पंखा फिरतोय, दिवा लागतोय, म्हणजे बोर्डापर्यंत (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीपर्यंत) वीज पोचतेय. लगेच नवीन मशीन घ्यायला धावू नका.

मॉनिटरची केबल घट्ट बसलीये ना, एवढं बघून थेट रॅमकडे (बोर्डावर खोचलेली मेमरीची लांबट पट्टी) वळा. जुन्या मशीनमध्ये माझा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असतो. प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. कॅबिनेट उघडा आणि त्याच्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर जाणार नाही. मग क्लिपा उघडून रॅम काढा आणि तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. रबर काळं पडलेलं दिसेल, तोच तो मळ. चुरा झटका, स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा आणि क्लिप ‘टक्’ करून बसेपर्यंत रॅम दाबा. दोन असतील तर एकेक लावून बघा.

तरीही काही नाही? बोर्डावरचा नाण्यासारखा सेल (सीआर२०३२, ३ व्होल्ट) बदला. तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललेलं असेल तर तेही.

प्रोसेसरजवळच्या कॅपॅसिटरची (छोट्या उभ्या डब्यांसारखे भाग) डोकी फुगलेली दिसली तर मात्र बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे न्या. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कृपा करून स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जोराचा शॉक बसेल इतका चार्ज राहतो.

फोटोंची काळजी वाटत असेल, तर ते हार्ड डिस्कमध्ये असतात. रॅम किंवा सेल काढल्याने ते जात नाहीत.