प्रश्न तुमचे: जुन्या पुण्यातला खून लिहायचाय

मागच्या अंकात ऐतिहासिक रहस्यकथेबद्दल काहीही विचारा असं म्हटलं होतं आणि अक्षरशः ढीगभर पत्रं आली. बहुतेकांना १८९७ च्या आसपासचं पुणं-मुंबई लिहायचंय, म्हणून तेच प्रश्न एकत्र घेतलेत.

ताई, प्लेगच्या वेळच्या पुण्यात घडणारी खुनाची कथा लिहितोय. दोन वर्षं नुसता वाचतोय, चार वह्या भरल्या, पण पहिलं पान काही होत नाही. अजून किती वाचायचं? (सोलापूर)

वाचलेलं वाया जात नाही, पण तुम्ही अख्खा काळ वाचताय आणि कथा मात्र एका आठवड्यात घडणार आहे. तो आठवडा आधी ठरवा. मग त्या आठवड्याचा केसरी काढा, तो साप्ताहिक होता त्यामुळं वाचायला फार नाही, बातम्यांच्या आधी जाहिराती आणि वाचकांच्या तक्रारी वाचा, लोकांना त्या दिवशी काय खुपत होतं ते तिथंच सापडतं. पुण्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचे, १८८५ चे तीन भाग आहेत, ते सलग वाचू नका, तुमच्या पात्राला जिथून जिथं जायचंय तेवढे रस्ते, पेठा, हौद बघून घ्या. बास. पहिलं पान लिहायला एवढं पुरतं.

आणि एक विचारते, तुमच्या कथेला प्लेगच का हवाय? नुसती भीतीची हवा हवी असेल तर कथा कुठंही घडेल. पण बघा, मार्च ते मे १८९७ मध्ये गोरे सोजीर घरोघर शिरून झडती घेत होते, आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे, बाकी घर सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे गावाबाहेर वेगळं ठेवायच्या छावणीत, सामान जाळायचं, भिंतींना चुना. त्यामुळं लोक आजारी माणूसच काय, मेलेलं माणूसही लपवत होते. म्हणजे त्या पुण्यात एखाद्या घरात प्रेत लपवलेलं सापडलं तर त्यात काही नवल नाही! खुनी माणसाला याहून मोठा आडोसा कुठं मिळणार? अख्खं घर तोंड मिटून बसलंय, कारण प्रत्येकाला वाटतंय की आपण प्लेग लपवतोय, आणि त्यातल्या एकालाच माहितीये की काखेत प्लेगची गाठ नव्हतीच. ही कथा दुसऱ्या कुठल्या साली घडूच शकत नाही. असं काही हाती लागलं की वही मिटायची आणि लिहायला बसायचं.

माझ्या कथेत संशयिताची ॲलिबी, म्हणजे खुनाच्या वेळी तो दुसरीकडं होता हा पुरावा, मुंबई-पुणे रेल्वेवर आहे. साल १८९७. तेव्हाचं टाइमटेबल कुठं मिळेल? (बदलापूर)

टाइमटेबल जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत शोधा, पण त्याच्याआधी घड्याळाचं बघा, कारण तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्हाला ते दिसलेलं नाही असं मला पत्रावरून वाटतंय.

१९०६ च्या आधी आपल्याकडं आजची एकच प्रमाणवेळ नव्हती. मुंबई मुंबईच्या सूर्यावर चालायची आणि रेल्वे चालायची मद्रास टाइमवर. दोघांत साधारण अर्ध्या तासाचा फरक, मद्रास पुढं. १८८१ मध्ये सरकारनं मद्रास टाइम शहरावर लादायचा प्रयत्न केला तेव्हा मुंबईकरांनी इतका विरोध केला की शेवटी तो सोडून द्यावा लागला. म्हणजे एकाच क्षणी राजाबाई टॉवरमध्ये नऊ वाजलेत आणि बोरीबंदरच्या स्टेशनात साडेनऊ!

आता हे जवळून बघा. गिरगावातला गडी कोर्टात सांगतो, रावसाहेब नऊला घरी होते, मी स्वतः टोले ऐकले. रेल्वेचा गार्ड सांगतो, सव्वानऊच्या गाडीत मी त्यांना चढताना बघितलं. वकील उड्या मारतो, पंधरा मिनिटांत गिरगावातून बोरीबंदर, घोडागाडीनं जमतं की! पण गार्डचे सव्वानऊ म्हणजे शहराचे पावणेनऊ, म्हणजे गडी नऊचे टोले ऐकत होता तेव्हा गाडी सुटून पाव तास झाला होता. दोघांतला एक खोटं बोलतोय. किंवा दोघंही खरं बोलतायत आणि गाडीत चढलेला माणूस रावसाहेब नव्हताच. बघा, साक्षीदार दोनच, पुरावा काही वाढवला नाही, फक्त त्या काळाची घड्याळं नीट लावली.

पुण्यातही तेच, तिथं शहराच्या आणि रेल्वेच्या वेळेत सव्वीसेक मिनिटांचा फरक पडतो. आणि अजून एक, प्रत्येकाच्या खिशात घड्याळ देऊ नका. पाणक्या, मोलकरीण, गुरव ही माणसं "दिवेलागणीला", "दोन घटका रात्र झाल्यावर" असंच सांगणार. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, आणि ती मोजायची सूर्यास्तापासून, म्हणून पंचांगातून त्या दिवसाचा सूर्यास्त आणि तिथी काढून ठेवा. अमावास्येच्या रात्री "चांदण्यात चेहरा दिसला" असं कुणी म्हणालं तर तो आपोआप अडकला, मात्र चुकून ते तुम्हीच लिहिलंत तर पंचांग बघणारा वाचक तुम्हाला सोडणार नाही.

शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, खुनी फौजदारासमोर कबुली देतो. १८९० च्या पुण्यात हे चालेल ना? (नाशिक)

चालणार नाही, आणि हे मी मनापासून सांगतेय कारण माझ्या पहिल्या कथेत मी हेच केलं होतं आणि एका निवृत्त न्यायाधीशांचं चार पानी पत्र आलं होतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५, पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. तुमचा खुनी दिवाणखान्यात रडून कबूल होईल आणि कोर्टातून सुटून घरी जाईल. मात्र लगेच पुढं कलम २७ आहे. आरोपीनं सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, समजा आडातून कोयता निघाला, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. मग तुमचा शेवट दिवाणखान्यातून उचलून आडाजवळ न्या. पंच उभे आहेत, पोहरा खाली जातोय, सगळा वाडा बघतोय, आणि पोहरा रिकामा वर आला तर सगळी केस गेली. मला तर हा शेवट जास्त आवडेल.

रक्ताचंही बघून घ्या. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीनं सांगणारी परीक्षा १९०१ मध्ये आली, त्याआधी "हे बोकडाचं रक्त आहे" म्हणणाऱ्या आरोपीला खोटं पाडणं फार अवघड होतं. बोटांच्या ठशांचा ब्युरो कलकत्त्यात १८९७ मध्ये सुरू झाला, त्यामुळं त्याच साली पुण्याच्या फौजदाराला कपाटावरचे ठसे घ्यायला लावू नका. आणि खेड्यात घडत असेल तर पहिली चौकशी पोलीस पाटील करणार, फौजदार तालुक्याहून येईपर्यंत निम्मा पुरावा सारवून झालेला असतो.

विषप्रयोग दाखवायचाय, पण आपल्याकडं त्याच दिवशी दहन होतं. मग तपास करायचा कसा? (बडोदा)

अहो, तुम्ही बडोद्याचे, तुमच्याच शहरात याचं उत्तर आहे! ९ नोव्हेंबर १८७४, रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या रसाचं सरबत दोन घोट प्यायले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकून दिलं आणि मग ग्लासच्या तळाशी गाळ दिसला. तो गाळ मुंबईच्या केमिकल ॲनालायझरकडं गेला, त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. सगळा खटला त्या तळाच्या चमचाभर गाळावर उभा राहिला. मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला, सहा जणांचं कमिशन बसलं, तिघं इंग्रज म्हणाले दोषी आणि तिघं हिंदी सदस्य म्हणाले आरोप सिद्ध होत नाही. तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, कारण दिलं ते गैरकारभाराचं.

म्हणजे देह गेला तरी भांडं उरतं. सोमल ओळखायची मार्शची परीक्षा १८३६ पासून होती, त्यामुळं तुमच्या काळात रसायनाची काही अडचण नाही, अडचण आहे ती भांडं घासलं जाण्याची. आपल्या घरात जेवण झालं की खरकटं निघतं, राखेनं भांडी घासली जातात, शेण फिरतं. ते त्या दिवशी कुणी केलं, कुणी करायला सांगितलं, नेहमीची बाई सोडून दुसऱ्याच कुणी का केलं, इथं तुमचा तपास. तेव्हाचं स्वयंपाकघर ज्यांना आजीकडून ऐकून माहितीये अशा बायकांशी बोला, कुठल्याही दप्तरात हे मिळणार नाही.

मोडी लिपी यायलाच हवी का? (डोंबिवली)

पेशवाईवर लिहायचं असेल तर हो, निदान वाचता येईल इतकी. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोडीत आहेत आणि छापलेलं त्यातलं फार थोडं. इंग्रजी अमदानीवर लिहिणाऱ्यांनीही शिकावी असं मला वाटतं, कारण घरातले हिशेब, पत्रं, गहाणखतं विसाव्या शतकातही मोडीत होती.

शिकलात की एक गोष्ट हाताला कळेल, जी मला भाषांतरं वाचून कधीच कळली नव्हती. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि मग तिच्याखाली अक्षरं सलग ओढत जातात, हात शक्य तेवढा कमी उचलायचा, दोन शब्दांत मोकळी जागा नाही. म्हणून मागाहून एखादा शब्द घुसवायचा तर जागाच नसते. "ध" चा "मा" ही दंतकथा आपण सगळ्यांनी ऐकलीये, पण स्वतः बोरू हातात घेऊन "धरावे" लिहा आणि त्याच ओळीत त्याचं "मारावे" करून बघा. कुठं खाडाखोड दिसते, शाई कुठं दाट होते, शेजारचं अक्षर कसं दबतं, हे सगळं तुमच्या कारकुनाच्या नजरेला पडायला हवं. तो कागद तसाच जपून ठेवा आणि त्याच्याकडं बघत तो प्रसंग लिहा.