गुरुवारी कुठं जायचंय, ते त्याला आधी खरं सांगा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा आठ वर्षांचा. आबा (त्याचे आजोबा) गेल्यापासून रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासून मुलांच्या सायकॉलॉजिस्टकडं पाठवलंय आणि येत्या गुरुवारची वेळ मिळालीय. घरचे म्हणतात, त्याला काही कळू देऊ नका, 'पोटाच्या डॉक्टरांकडं जायचंय' एवढंच सांगा. तुम्ही विचारताय, काय सांगू?

खरं सांगा. हे एवढ्या जोरात का म्हणते, त्याचं कारण तुमच्याच एका ओळीत आहे. आबा गेले त्या दिवशी 'मामाकडं खेळायला जा' म्हणून त्याला इचलकरंजीला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा आबांची कॉटसुद्धा जाग्यावर नव्हती, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे या लेकराला एकदा दुसरंच कारण सांगून घराबाहेर काढलंय, आणि तो परत आला तोवर घरातलं एक माणूस नाहीसं झालं होतं. तुमचा हेतू वाईट नव्हता. पोरांनी ते बघू नये म्हणून आपल्याकडं कितीतरी घरांत असंच करतात. पण आता तोच मुलगा रोज दप्तर अडकवून उंबऱ्यापाशी आला की पोट धरून बसतो. मला वाटतं, त्याला शाळेची भीती नसेल, आपण घराबाहेर असताना घरात काय होईल याची असेल. ते ठरवायचं काम त्या सायकॉलॉजिस्ट मॅडमचं. पण इचलकरंजीची गोष्ट त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि अशा मुलाला परत एकदा खोटं सांगून कुठं नेऊ नका.

माझ्याकडून ही चूक झालीय. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आलं तेव्हा लेक सात वर्षांची होती. रात्री उठवून तिला खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर पाऊस लागला की ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत बसायची. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ. राधानगरी धरणाचा दरवाजा उघडल्याची बातमी कानावर आली की रात्रभर झोप नाही. २०२१ च्या जुलैत परत पूर आला, आणि मग आम्ही थेरपी सुरू करायचं ठरवलं. मी तिला म्हटलं, 'एका मावशीकडं जायचंय, तिच्याकडं लई खेळणी आहेत.' नऊ वर्षांची पोरगी, तिला वाचता येत होतं. दारावरची पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन टेबलाखाली बसली. तीन सेशन तशीच. त्याहून वाईट पुढंच होतं. नंतर रंकाळ्यावर, तळ्याकाठी फिरायला जायचं म्हटलं तरी विचारायची, 'खरंच रंकाळ्यावरच जायचंय ना?' तो प्रश्न थांबायला थेरपीपेक्षा जास्त दिवस लागले.

म्हणून गुरुवारचं सांगायच्या आधी एक काम करा. त्या दिवसाबद्दल त्याची माफी मागा. मोठं भाषण नको. 'आबा गेले त्या दिवशी तुला मामाकडं पाठवलं, तुला खरं सांगितलं नाही. ते चुकलं. इथून पुढं कुठंही न्यायचं असेल तर खरं सांगूनच नेणार.' आणि आबा 'झोपले' किंवा 'गावाला गेले' असं कुणी सांगितलं असेल तर तेही दुरुस्त करा. आबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत. हे शब्द आपल्याच तोंडात जड होतात, पण 'झोपले' ऐकलेलं पोर स्वतः झोपायला घाबरतं, किंवा तुम्ही जरा दुपारी पडलात तरी घाबरतं. तो रडला तर रडू द्या, तुम्हालाही रडू आलं तर लपवू नका.

मग एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि गुरुवारचं सांगा. आठ वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी पुरे. आठवडाभर आधी सांगितलं तर तेवढे दिवस मनात धरून बसेल. (चार-पाच वर्षांच्या पोराला आदल्या दिवशी सांगावं. तेरा-चौदाचं असेल तर वेळ घ्यायच्या आधीच त्याला विचारायला हवं.) समोर बसवून 'तुझ्याशी बोलायचंय' म्हणू नका, त्यानंच पोटात गोळा येतो. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, हात चालू असताना बोला. मी बोलले असते तर साधारण असं:

'तुझं पोट दुखतं ते खरंच दुखतं, तू नाटक करत नाहीस, आम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी बघितलं, पोटात आजार नाही. कधीकधी मनात काळजी साठली की पोट दुखतं. लहान मुलांच्या मनातल्या गोष्टींसाठी शिकलेल्या एक मॅडम आहेत. गुरुवारी शाळेनंतर आपण त्यांच्याकडं जाणार आहोत. मी सोबत आहे.'

एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. त्याचा पहिला प्रश्न बहुतेक इंजेक्शनचाच असेल. सायकॉलॉजिस्ट इंजेक्शन देत नाहीत, औषधंही लिहून देत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं. त्यामुळं इथं तुम्ही छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणू शकता. दुसरा प्रश्न, 'मी येडा आहे का?' हा तोंडानं विचारणार नाही, पण गल्लीत ऐकलेलं असतं. तुम्हीच सांगून टाका की तिथं हुशार पोरंही येतात, दंगेखोर येतात, गप्प राहणारीही येतात. 'नीट वागला नाहीस म्हणून नेतोय' असं चुकूनही नको. आणि नंतर कधी वैतागून 'सांगू का मॅडमना?' म्हणालात, की ती खोली त्याच्यासाठी पोलीस चौकी झाली.

उद्याच फोन करून विचारून घ्या, पहिल्या भेटीत कोण बसणार. बरेच जण आधी आईवडिलांना भेटतात. तसं नसेल तर तुम्हीच तशी वेळ मागा. पोराला शेजारी बसवून त्याच्या तक्रारींची यादी वाचणं हे त्याच्यासाठी सगळ्यांत लाजिरवाणं असतं. फोनवरच शिक्षणही विचारा, त्यात संकोच कसला? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. आणि लहान मुलांबरोबर काम केलंय का, हा प्रश्न पदवीइतकाच महत्त्वाचा. आत साधारण पाऊण तास असतं. चित्रं, माती, बाहुल्या, पत्ते. तुम्हाला वाटेल, एवढे पैसे देऊन खेळतोच आहे. पण या वयाची पोरं खेळातूनच सांगतात. आमच्या लेकीनं दोन महिने फक्त घरं बांधली आणि बुडवली. नंतर एक दिवस त्या घराला जिना काढला.

त्याला हेही सांगा की तिथं 'माहीत नाही' म्हटलं तरी चालतं, नुसतं बसलं तरी चालतं. तो आत जे बोलेल ते मॅडम तुम्हाला शब्दन् शब्द सांगणार नाहीत. फक्त कुणी त्याला त्रास देत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागतं. हा अपवाद मॅडमकडूनच त्याच्यासमोर स्पष्ट करून घ्या, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

आणि बाहेर आल्यावर 'काय काय बोललास?' हा प्रश्न गिळा. मला ते फार जड गेलं. आमचे हे तर गाडीला किक मारायच्या आधीच विचारायचे. शेवटी आम्ही ठरवलं, तिथून थेट खासबागेत भेळ खायची आणि भेळेबद्दलच बोलायचं. तिला सांगायचं असलं तर ती रात्री अंधारात सांगायची. पण भेळ ही लाच होऊ देऊ नका. बोललास तर भेळ, नाहीतर नाही, असं नको.

सासूबाईंबद्दल लिहिलंत. त्यांच्याशी भांडण काढू नका. दृष्ट काढायची म्हणाल्या तर काढू द्या. नातवाच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरवणारा हात मायेचाच असतो. फक्त गुरुवार चुकवायचा नाही, आणि 'लोकं काय म्हणतील' हे त्याच्यासमोर बोलायचं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. नवराही आबांचा मुलगा आहे, त्याचंही दुःख ताजं आहे. त्याला जमलं तर पहिल्या दिवशी सोबत न्या.

आयत्या वेळी 'नाही येणार' म्हणाला तर ओढून नेऊ नका. आत यायचं, बोलायचं की नाही ते तू ठरव, इतकी सूट द्या. तरी नाहीच आला तर तुम्ही दोघं जाऊन भेटा, ती भेट वाया जात नाही. एका भेटीत पोट थांबणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत रडणं वाढूही शकतं. चार-पाच सेशननंतर मॅडमशी मोकळेपणानं बोला, आणि मुलाचं जमतच नसेल तर दुसरं कुणी बघा.

एक गोष्ट वेगळी. 'मला आबांकडं जायचंय' असं तो म्हणाला तर नुसती आठवण आहे की मरायचं मनात आहे, ते शांतपणे, सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाही. तसं काही वाटलं तर गुरुवारची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. रात्री-अपरात्री कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच.

गुरुवारी शाळेतून आल्यावर आधी खायला घाला, उपाशी पोर कुठंच रमत नाही. आणि निघताना विचारा, सोबत काही घ्यायचंय का. आबांची चष्म्याची डबी तो उशाखाली ठेवतो म्हणालात ना. ती न्यायची म्हणाला तर नेऊ द्या.