अग्निशमन दलात काम करणाऱ्याला मान, पेन्शन आणि सुरक्षितता खरंच मिळते का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यातल्या तुमच्या धाकट्या भावाला फायरमनची नोकरी चालून आली आहे, घरातले म्हणतात ‘जिवावरचं काम, ना मान ना पेन्शन’, तर त्यानं जावं का.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात नव्वदच्या दशकात लागलो आणि लीडिंग फायरमन होऊन निवृत्त झालो. मला आधी तुमच्याकडून एक कळायला हवं. भावाच्या नेमणूकपत्रावर सही कुणाची असणार, पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांची की ठेकेदाराची? वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की कायम आणि कंत्राटी दोघंही एकाच बंबावर चढतात, एकाच धुरात शिरतात. पण लागलं-खुपलं तर दवाखाना कोण बघणार आणि म्हातारपणी हातात काय पडणार, हे त्या सहीवर ठरतं.

मानाचं आधी सांगतो. लोक मान देत नाहीत, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, खणभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, सगळीकडं पाणी. आम्हीही बोट आणि दोर घेऊन मदतीला होतो. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली, आणि त्यानंतर लोक बोटीत पाय ठेवायलाच घाबरू लागले. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून बसवायचं, लाईफ जॅकेटचे पट्टे आपण आवळायचे, लहान पोर आधी मांडीवर घ्यायचं, मग आई येणार. पाणी ओसरल्यावर गाळ धुवायला लागलो तेव्हा ज्यांच्या घरात चूल मांडायला कोरडी जागा नव्हती, त्यांनी पाहुण्यांकडून भाकरी मागवून आधी आमच्या हातात दिल्या. असा मान मला कुठल्या व्यासपीठावर मिळाला नाही.

हेच लोक जानेवारीत उसाच्या फडाला आग लागली की आम्हाला शिव्या घालतात. तार चटकून ठिणगी पडते, वाळलेलं पाचट धडाडून पेटतं, वारा असला तर बघता बघता शेजारच्या फडात. बंब तालुक्याच्या गावाहून यायचा, कारण खेड्यांत अग्निशमन केंद्रच नाही. जवळच्या साखर कारखान्याचा बंब असला तर तो येतो. पाणंदीतून गाडी आत जात नाही. पोचल्यावर पहिला शब्द कानावर येतो, ‘आता कशाला आलाय?’ पुढं थोड्या वेळानं पाणी संपतं आणि ओरडा होतो की बंब रिकामाच आणला होता. खरं असं आहे की आमच्या मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं आणि पंप मिनिटाला १,८०० लिटर फेकू शकतो. पूर्ण दाबानं सोडलं तर टाकी अडीच मिनिटांत संपते. म्हणून आम्ही जपून मारतो, मधला पट्टा तोडून घेतो, दुसरी गाडी विहिरीवर भरायला पाठवतो. हे आधी कुणी लोकांना सांगत नाही. ज्याचा वर्षाचा ऊस डोळ्यांसमोर जळतोय, जळक्या उसाला कारखाना कपात लावणार हे ज्याला माहीत आहे, त्याच्या तोंडून शिवी येणारच. मला त्याचा राग कधी आला नाही. राग येतो तो बांधावर उभं राहून मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्यांचा आणि वाट अडवून मोटारसायकली लावणाऱ्यांचा.

बंब कमी का, माणसं कमी का, याचं कारण शेतकऱ्यात नाही आणि फायरमनमध्येही नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे पालिकेचं काम म्हणून नोंदलं आहे. म्हणजे दल कसं चालणार हे पालिकेच्या अंदाजपत्रकावर आलं. रस्ता, गटार, नळ यांना मतं मिळतात. ज्या घराला आग लागलेलीच नाही, त्या घरातून बंबासाठी मत मिळत नाही. म्हणून माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि तिथं ठेकेदाराचा पोरगा येतो.

असा एक पोरगा आमच्याकडे होता. पोहण्यात पटाईत, विहिरीत उतरायचं म्हटलं की कायम पुढं. विहिरीतून एका बाईला जिवंत वर काढलं म्हणून १४ एप्रिलला त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. त्यानंतर एका गोदामाच्या आगीत वरचा पत्रा निसटून त्याच्या उजव्या मनगटावर पडला, शिरा तुटल्या. आम्ही त्याला खासगी दवाखान्यात नेलं. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, ‘तो आपला कर्मचारी नाही, ठेकेदाराला भेटा.’ ठेकेदार म्हणाला, नवीन टेंडर झालंय, यादीत त्याचं नाव अजून चढलेलं नाही. ऑपरेशनचे पैसे स्टेशनवरच्या माणसांनी वर्गणी काढून भरले. त्याची तीन बोटं आता वळत नाहीत. होज, म्हणजे पाण्याचा पाईप, धरता येईना म्हणून काम गेलं. आज तो नातेवाइकाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.

कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी, हा कायदा या देशात १९२३ सालापासून आहे. ठेकेदारानं हात वर केले तर ज्यानं ठेका दिला त्या मूळ मालकाकडून भरपाई घेता येते, मालकानं ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. त्या पोराच्या बापाला हे ना कार्यालयात कुणी सांगितलं, ना दवाखान्यात. सत्कार करणारे पुन्हा घरी फिरकले नाहीत. एखाद्या गावात फायरमनला किती मान आहे हे बघायचं असेल, तर तो जायबंदी झाल्यावर त्याच्या घरी महिन्याला काय येतं, ते विचारावं. माझं मोजमाप तेवढंच आहे.

१४ एप्रिलचा उल्लेख केला म्हणून सांगतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. तेव्हापासून १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, म्हणून सकाळी दलातल्या गेलेल्या लोकांना मानवंदना द्यायची आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला बंब घेऊन उभं राहायचं, हा आमचा दरवर्षीचा क्रम. दोन्ही कामं मी मनापासून केली. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि त्यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे चार अधिकारी गेले. आमच्या स्टेशनवर त्या दिवसांत कुणी फारसं बोलत नव्हतं. मुंबईसारख्या दलाचा सर्वात वरचा अधिकारीच आत शिरतो, तर बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरचं श्वासाचं उपकरण, कपाटात आणि सिलिंडर रिकामं अशा लहान पालिकेत काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाच्या डोक्यात होता.

 बी.ए. सेटचं एक सिलिंडर कागदावर ४५ मिनिटं चालतं. पायऱ्या चढत, माणूस ओढत काम करताना ते त्याच्या निम्म्या वेळात संपायला येतं आणि शिट्टी वाजायला लागते. लहान पालिकांत हे सेट मोजकेच, भरून आणायला दुसऱ्या शहरात पाठवायचे. मग पोरं ओला रुमाल तोंडाला बांधून आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ साली फायरमनचं काम कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं, तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्यातच. प्लास्टिक, फोम, रंग, कीटकनाशकं जळतात तेव्हा ती काजळी कपड्यांवर आणि मानेवर बसते. आमच्याकडे तोच गणवेश घरी नेऊन पोरांच्या कपड्यांबरोबर भिजवला जातो. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं २००२ मध्येच कायदा केला की ठरावीक वर्षं या सेवेत काढलेल्याला काही प्रकारचे कर्करोग झाले तर ते कामामुळे झाले असंच धरायचं. आपल्याकडे आजार कामामुळं झाला, हे दाखवायचं ओझं घरच्यांच्या डोक्यावर येतं, आणि वर्षाची वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर दाखवणार कशावरून? भाऊ कुठंही लागो, फुप्फुसाची तपासणी त्यानं स्वतःच्या खर्चानं का होईना, दरवर्षी करून रिपोर्ट जपावेत. आगीवरून आल्यावर कपडे वेगळे धुवावेत आणि आधी अंघोळ करावी.

कामाच्या तासांबद्दल लांबण लावत नाही. मोठ्या शहरात आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. लहान ठिकाणी माणसंच नसल्यानं बारा तास, कधी चोवीस तास. उन्हाळ्यात सुट्टी विसरायची. बंब मोकळा दिसला की टँकर म्हणून, झाडांना पाणी घालायला, मंत्र्यांच्या दौऱ्याआधी रस्ता धुवायला पाठवतात, आणि नेमकी तेव्हाच वर्दी येते. करोनात गल्लोगल्ली औषध फवारलं तेही आम्हीच.

आता पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी कायम झालेल्यांना जुनी पेन्शन आहे, शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी आणि त्यावर महागाई भत्ता, मागं कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन. मी त्यातला आहे. माझी केस सुद्धा वर्षाहून जास्त काळ टेबलाटेबलावर फिरली, कारण सेवापुस्तकात जुन्या वेतननिश्चितीची पडताळणी राहिली होती. पण मिळायला लागली आणि आज मी कुणापुढं हात पसरत नाही. त्या तारखेनंतर लागलेल्यांना नवी योजना, पगारातून दहा टक्के कापले जातात, मालक आपला वाटा टाकतो आणि निदान २०२३ पर्यंत तरी शेवटी बाजारात त्या पैशाचं जे झालं असेल त्यावर पेन्शन ठरत होती. याच कारणासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्यानंतर राज्य सरकारनं सेवेत असताना गेलेल्या नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. भाऊ ज्या पालिकेत लागणार, तिथं तो लागू केलाय का, हे आस्थापना विभागात लेखी विचारा. आगीत जाणाऱ्या माणसासाठी इतर कुठल्याही कलमापेक्षा हे मोठं आहे.

कंत्राटी माणसाचा हिशेब वेगळा. त्याला भविष्य निर्वाह निधी आणि त्यातली पेन्शन योजना. १५,००० रुपये पगारावर १५ वर्षं भरली तर सूत्रानं महिन्याला ३,२१४ रुपये येतात. दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच नाही. ठेकेदार बदलला की नवा खाते क्रमांक, मधले महिने गायब, असं मी स्वतः पाहिलंय. ज्याच्या फुप्फुसात वीस वर्षांचा धूर आहे त्याला ३,००० रुपयांत औषधं तरी येतात का, हा प्रश्न मी सभेत विचारला होता. उत्तर अजून यायचंय.

माझं मत विचाराल तर कायम पदाची जाहिरात असेल तर भावाला जरूर पाठवा. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम त्यानं केलेला असावा. गल्लीतल्या संस्थेची ‘फायर सेफ्टी डिप्लोमा’ची जाहिरात बघून पैसे भरू नका, भरतीच्या जाहिरातीत कुठलं प्रमाणपत्र मान्य आहे ते आधी वाचा. या कामात रात्री घरी आल्यावर आपण कशासाठी जगतो हे स्वतःला विचारावं लागत नाही. माझी पोरगी पदवी घेऊन बसली आहे, तिनं या भरतीचा फॉर्म भरला तेव्हा मी तिला अडवलं नाही, स्वतः तिच्याबरोबर मैदानावर धावलो.

ठेक्यावरची असेल तर भावाला म्हणावं, नेमणूकपत्राची प्रत, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि अपघात विम्याची पावती हातात आल्याशिवाय बंबावर चढायचं नाही. पहिला पगार झाला की त्या क्रमांकावर पैसे जमा झालेत का ते मोबाईलवर पाहावं. हजेरीपत्रकाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवावा. काही कमी दिसलं तर ठेकेदाराशी तोंडी बोलत बसू नका. मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहा, आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.