मुलांमधला लठ्ठपणा कमी करायला सरकारी खात्यांनी एकत्र येऊन नेमकं काय करायला हवं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, "की शेवटी हा घरच्या शिस्तीचाच प्रश्न आहे?" त्या ओळीमुळे लिहायला बसले. मुंबईजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवत आले. घरी धाक नाही म्हणून पोरं सुटतात, तुमच्या पी.टी.नं काय होणार? आणि दिवाळीची सुट्टी संपली की पोर्शन राहिलाय म्हणून माझा तास मागून न्यायचे. आधी दहावीचा, मग नववीचा, पुढे पुढे आठवीचासुद्धा.

घरच्या शिस्तीचं हे कारण मला अजिबात पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या २०.६ टक्के बायका आणि १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ मध्ये तेच आकडे २४ आणि २२.९ झाले. एवढ्या थोड्या काळात देशभरातल्या घरांची शिस्त एकदम बिघडली असं कोण म्हणेल? बदललं ते घराबाहेरचं. पाच रुपयांत काय मिळतं आणि पळायला जागा कुठे उरली, हे बदललं.

आमच्याच शाळेचं सांगते. मे २०१७ मध्ये शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला, की जास्त मीठ, साखर आणि मेद असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात विकायचे नाहीत. चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर अशी नावानिशी यादी होती. मी ती छापून कॅन्टीनच्या खिडकीला चिकटवली. दुसऱ्या दिवशी कागद गायब. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं आणि संस्थेच्या सेक्रेटरींकडे पाठवलं. सेक्रेटरींनी हिशेबाची वहीच पुढे ठेवली. कॅन्टीनवाला जे भाडं देतो त्यातून रात्रीचा वॉचमन आणि सफाईच्या मावशींचा पगार निघतो. वेतनेतर अनुदानात, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चासाठी सरकार जे देतं त्यात, शाळेचा खर्च भागत नाही. "बाई, तुम्ही सांगा, हे पैसे कुठून आणू?" ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच मला जास्त राग आला. शासन निर्णय काढणाऱ्यांनी बंदी लिहिली, पण त्या बंदीमुळे शाळेला जी खोट बसणार होती तिचा विचार कुणीच केला नव्हता.

बरीच ओढाताण झाल्यावर पालक-शिक्षक संघातल्या काही आया कॅन्टीन चालवायला पुढे आल्या. डिपॉझिट कमी करून घेतलं, भाड्यात थोडी सूट मिळवली. मटकीची उसळ, थालीपीठ, दडपे पोहे, भाजलेले चणे-शेंगदाणे, उन्हाळ्यात ताक. सुरुवातीला मुलं सरळ गेटबाहेरच्या टपरीवर जायची, कारण तिथे पाच रुपयांचं पाकीट होतं आणि थालीपीठ पाच रुपयांत देणं कुणालाच परवडत नाही. तरी त्या बायकांनी नेटानं चालवलं. पोहे आणि ताक मुलांना आवडायला लागलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

मग २०२० सालचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आले. शाळेच्या गेटपासून चारी बाजूंना ५० मीटरपर्यंत असले पदार्थ विकायला बंदी. करोनानंतर शाळा उघडल्यावर मी लांब उडीचा टेप घेऊन गेटपासून मोजलं. टपरी अगदी आत येत होती. अर्ज घेऊन फिरले. एका कार्यालयात म्हणाले, टपरीचा परवाना आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, परवाना आम्ही बघतो, आत काय विकतात ते नाही. तिसऱ्यांनी शाळेचं लेखी पत्र मागितलं, आणि शाळेला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. टपरीवाल्याशीही बोलले. तो भला माणूस होता. म्हणाला, "बाई, पाकीट नासत नाही, केळी नासतात. नासलेल्याचे पैसे कोण देणार?" त्याचं बरोबरच होतं.

आणि वरून अर्थखातं काय करतं बघा. सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, ठीक. पण त्याच फेरबदलात बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांवर आणले. एक खातं शाळेच्या दारातून जे हटवायला सांगतं, तेच दुसरं खातं स्वस्त करतं. चिलीनं जून २०१६ पासून एकाच कायद्यात तीन गोष्टी बांधल्या. पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा, शाळेत त्या पदार्थांची विक्री बंद, मुलांना उद्देशून त्यांची जाहिरात बंद. आपल्याकडे पाकिटावरच्या खुणेचा मसुदा २०२२ मध्ये आला, त्यात इशाऱ्याऐवजी तारे होते, जितके जास्त तारे तितका पदार्थ चांगला. चिप्सच्या पाकिटाला दीड तारा दिसला तर आठवीतला मुलगा काय समजणार?

मैदानाचंही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे. आमच्याकडे होतं, पण लग्नसराईत भाड्यानं जायचं आणि सोमवारी मांडवाचे खड्डे बुजवल्याशिवाय खो-खोचे खांब उभे करता यायचे नाहीत. फिट इंडिया मोहीम २९ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली, हेतू उत्तम. पण 'ही शाळा फिट' असं सांगणारा तिचा झेंडा शाळेला मिळतो तो शाळेनंच भरून पाठवलेल्या माहितीवर. पी.टी.चा तास खरंच झाला का, हे बघायला मैदानावर कुणी येत नाही. सातवीनंतर मुली मैदानावरून हळूहळू नाहीशा होतात, कारण कपडे बदलायला खोली नाही आणि पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नाही. आणि जाड मुलगा दिसला की त्याच्या हातात वही देऊन स्कोअर लिहायला बसवतात. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच बसून. मी हे माझ्या तासाला कधी होऊ दिलं नाही. लंगडी आणि लगोरीला ना खर्च लागतो ना मोठं मैदान, आणि त्यात सगळ्यांना डाव मिळतो.

तर खात्यांनी काय करावं? कॅन्टीनच्या भाड्याची भरपाई शाळेला अनुदानातून द्या. ५० मीटरच्या आतल्या विक्रीची जबाबदारी प्रत्येक वॉर्डात एकाच अधिकाऱ्यावर टाका आणि त्याचं नाव शाळेच्या फलकावर लावा. ताजं विकणाऱ्या टपरीवाल्याला परवान्यात सवलत द्या. क्रीडाशिक्षकांची पदं भरा आणि त्यांचा तास दुसऱ्या विषयाला देणं नियमानं बंद करा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. आपल्या वेळापत्रकात आठवड्याचे जेमतेम दोन-तीन तास असतात, तेही दिवाळीपर्यंत.

आमचे ते गणिताचे सर आता रोज पहाटे चालायला जातात, डॉक्टरांनी सांगितलंय. चांगलंच आहे, त्यांची तब्येत सुधारली. पण साठीनंतर डॉक्टरांनी लिहून दिल्यावर जे मिळतं, ते तेराव्या वर्षी मुलांना वेळापत्रकातच मिळायला हवं. मी तेव्हा एवढंच म्हणत होते.

तुमच्या घरातल्या मुलाबद्दल विचारत असाल तर मी डॉक्टर नाही, थायरॉइडसारखं काही असू शकतं, तपासून घ्या. वर्गासमोर वजन करू देऊ नका आणि वाढत्या मुलाला डाएटवर ठेवू नका. अजून एक, याच देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, आणि बारीक आणि जाड मुलं एकाच बाकावर बसतात. तेव्हा लठ्ठपणाच्या नावाखाली पोषण आहाराच्या खिचडीला कुणी कात्री लावू नये. तिच्यात डाळ आणि भाजी वाढवायला जे पैसे लागतात, ते वाढवावेत.