पुढची साथ एआय आधी ओळखेल का? वॉर रूममधे एक्सेल सांभाळलेल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे की पुढची महामारी एआय आधीच सांगेल का, आणि सोसायटीने आत्तापासून एखादं अ‍ॅप घेऊन ठेवावं का. लांबलं तर सांभाळून घ्या, २०२०-२१ मधे मी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात राहून एका कोविड वॉर रूममधे व्हॉलंटियर म्हणून पॉझिटिव्ह लोकांची यादी सांभाळायचो, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलतो.

आधी सांगेल का, तर सांगितलंच होतं की. टोरांटोच्या ब्लूडॉट या एआय कंपनीने ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानचा वेगळा न्यूमोनिया पकडला, आणि विमान तिकिटांच्या डेटावरून तो बँकॉक, सोलला जाईल हेही काढलं. आता गंमत अशी की आदल्या रात्रीच प्रोमेडवर, म्हणजे साथींच्या बातम्या देणाऱ्या साइटवर, माणसांनी तीच बातमी टाकलेली होती. आणि कळून झालं काय? आपल्याकडे पहिली केस ३० जानेवारीला केरळात, लॉकडाऊन २५ मार्चला. उलट लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूचा अंदाज बांधणारं गूगलचं फ्लू ट्रेंड्स आठवा, २००८ ला वाजतगाजत आलं, २०१२-१३ च्या हिवाळ्यात फ्लूचा अंदाज जवळजवळ दुप्पट सांगून बसलं आणि २०१५ ला गुंडाळलं.

एक्स-रे बघून कोविड ओळखणाऱ्या प्रोग्रामचं तर विचारूच नका. २०२१ मधे केंब्रिजच्या लोकांनी दोन हजारांवर पेपर चाळले, त्यातले ६२ नीट तपासले, हॉस्पिटलात वापरण्याजोगा एकही निघाला नाही. काही ठिकाणी कोविड नसलेले एक्स-रे म्हणून लहान मुलांचे घेतले होते, म्हणजे मशीन शिकलं काय तर मूल कोण आणि मोठा माणूस कोण!

आमचं घोडं मात्र पत्त्यावर अडायचं. लॅबकडून यादी यायची ती इंग्रजीत, त्यात कोपरखैरणेचं स्पेलिंग मी मोजली तेव्हा चौदा प्रकारचं होतं, सिडकोच्या एसएस टाईपच्या छोट्या घरांत रूम नंबर लिहिलाय पण सेक्टर गाळलाय, कोणी गावच्या आधार कार्डावरचा साताऱ्याचा पत्ता दिलाय. एकदा एकच मोबाईल नंबर बत्तीस जणांपुढे, लावला तर स्वॅब घेणाऱ्या पोराचा निघाला, बिचारा म्हणाला पेशंट नंबर देत नाहीत आणि रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही. त्या बत्तीस जणांचे कॉन्टॅक्ट शोधणार कसे? आम्ही नाव बघून मेडिकलवाल्याला, दूधवाल्याला फोन करायचो आणि खरं सांगतो, बरेच सापडले तसेच. चौदा स्पेलिंगं जुळवायचं काम आज एआय चुटकीसरशी करेल, तिथे मी डोळे झाकून वापरेन. नंबरच खोटा असेल तर तो काय करणार.

म्हणून मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते सांडपाण्यात विषाणू आहे का हे तपासणं, ऐकायला घाण वाटेल पण नाव नको, पत्ता नको, ओटीपी नको. लक्षणं नसलेला माणूसही संडासला जातोच ना! मुंबईत पोलिओसाठी २००१ पासून सांडपाण्याचे नमुने घेतात, नवीन काही नाही. नवी मुंबईत तर नोडनुसार, म्हणजे एकेका उपनगरानुसार, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं) आहेत, त्यामुळे वाशी वेगळं, ऐरोली वेगळं असं बघता येईल आणि त्या आकड्यांवर मॉडेल चालवलं तर अर्थ आहे. पण जिथे ड्रेनेजची लाईनच नाही तिथली वस्ती यात दिसणारच नाही, हे लक्षात ठेवा.

अ‍ॅपचं म्हणाल तर नको. आरोग्य सेतूला ब्लूटूथ चालू लागायचं, आमच्या बिल्डिंगमधे निम्मे लोक बॅटरी जाते म्हणून बंद ठेवायचे, आणि कामवाल्या मावश्यांकडे साधे फोन. त्यापेक्षा सेक्रेटरीला सांगून फ्लॅटवार नंबर अपडेट करून घ्या. आमचं रजिस्टर गेल्या महिन्यात बघितलं, बी विंगच्या अकरा फ्लॅटांपुढे अजून जुन्या भाडेकरूंचेच नंबर आहेत.